सत्तेच्या घरातल्या बायका

१९३७ साली लंडनच्या व्हिक्टर गोलान्झ या प्रकाशनसंस्थेनं ‘स्वस्तिका नाइट’ ही कादंबरी बाजारात आणली. लेखकाचं नाव छापलं होतं मरे कॉन्स्टंटाइन. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. कादंबरी मात्र हिटलरनंतरच्या सातशे वर्षांपर्यंत पोचली होती. अर्धं जग जर्मनांच्या ताब्यात आहे, अर्धं जपान्यांच्या. हिटलरचा देव झाला आहे: सोनेरी केसांचा, धिप्पाड, बाईच्या पोटी न जन्मलेला देव. बायकांना कुंपण घालून वेगळ्या वस्तीत ठेवलं आहे. त्यांची डोकी भादरलेली आहेत आणि मुलगा झाला तर तो दीड वर्षाचा होताच त्यांच्याकडून काढून घेतला जातो.

या कादंबरीत एका सरदार घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या लपवून ठेवलेला एक फोटो आहे. त्यातला हिटलर ठेंगणा आणि काळ्या केसांचा आहे. त्याच्या शेजारी ताठ मानेनं उभी असलेली, लांब वेण्यांची एक देखणी व्यक्ती आहे. फोटो बघणाऱ्या जर्मन तरुणाला तो एखादा सुंदर मुलगा वाटतो. मुलगी अशी दिसू शकते, हे त्यानं आयुष्यात कधी पाहिलेलंच नसतं.

मरे कॉन्स्टंटाइन हे टोपणनाव होतं. खरी लेखिका कॅथरीन बर्डेकिन. ती १९६३ साली वारली तेव्हाही वाचकांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. डॅफ्नी पटाई या अभ्यासक बाईंनी ते पुढे शोधून काढलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेतल्या फेमिनिस्ट प्रेसनं पुस्तक पुन्हा छापलं.

हुकूमशाही म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलीस, तुरुंग, छळछावण्या येतात. बर्डेकिननं आधीचा प्रश्न विचारला: या राज्यात मुलं कोण जन्माला घालतं आणि त्या कामावर हुकूम कुणाचा चालतो? तिच्या नाझी साम्राज्याचं सर्वांत मोठं गुपितही तेच आहे. मुली जन्माला येणं कमी होत चाललंय आणि हे उघड बोलायची सोय नाही. कारण मुलगी हवी असं म्हणायचं, तर बाईला किंमत आहे हे कबूल करावं लागेल. बायकांना माणसातून उठवणारी सत्ता बायकांवाचूनच संपायला आली आहे.

डिस्टोपिया, म्हणजे बिघडलेल्या उद्याची गोष्ट, हा साहित्यप्रकार सत्तेबद्दल बोलतो असं सगळेच म्हणतात. ती सत्ता कुठून कुठवर पसरली आहे, हे बघायचं असेल तर त्या गोष्टींतल्या बायका कुठे उभ्या आहेत ते तपासावं. नायकाच्या खिडकीतून सत्तेचा मनोरा दिसतो. बायकांच्या जागेवरून तिचं स्वयंपाकघर, बँकेचं पासबुक आणि बाळंतपणाची खोली दिसते.

नायकाला जागं करणारी ‘ती’

या प्रकारातली तीन पुस्तकं सगळ्यांच्या तोंडी असतात. येवगेनी झाम्यातिनची ‘वी’, ऑल्डस हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आणि जॉर्ज ऑरवेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’.

झाम्यातिन पेशानं जहाजबांधणी करणारा इंजिनियर. ‘वी’ त्यानं १९२०-२१ च्या सुमारास लिहिली. १९२४ मध्ये ती इंग्रजीतून न्यूयॉर्कमध्ये निघाली. सोव्हिएत रशियात छापायला १९८८ साल उजाडावं लागलं. तिच्या राज्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. घरं काचेची आहेत आणि शरीरसंबंधासाठी गुलाबी कुपन फाडावं लागतं. डायरी लिहिणारा नायक डी-५०३ हा अंतराळयानाचा इंजिनियर. त्याला बंडाकडे ओढते आय-३३०, जी सिगारेट ओढते, दारू पिते आणि कायद्याला हसते. दुसरी आहे ओ-९०. तिची उंची सरकारी मापापेक्षा दहा सेंटिमीटर कमी, म्हणून तिला आई व्हायची परवानगी नाही. ती बेकायदा गरोदर राहते आणि मूल वाचवण्यासाठी शहराच्या हिरव्या भिंतीपलीकडे निघून जाते. शेवटी डी-५०३ च्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याची कल्पनाशक्ती काढून टाकली जाते. काचेच्या घंटेखाली हवा खेचून आय-३३०चा छळ होतो तेव्हा तो शांतपणे बघत बसतो. ती तोंडातून शब्द काढत नाही.

म्हणजे या गोष्टीत नायकापेक्षा दोन बायका जास्त धीट आहेत. पण डायरी त्याची. त्या दोघींनी काय विचार केला, कधी भ्यायल्या, कशावरून ठरवलं, हे कळायला वाव नाही.

हक्सलीच्या १९३२ सालच्या कादंबरीत मुलं बाटल्यांत वाढतात, त्यामुळे ‘आई’ हा शब्द शिवीसारखा झालाय. बाळंतपणातून सुटका झाली, तरी बायकांच्या हाती सत्ता आली का? जगाचे जे नियंत्रक कादंबरीत भेटतात किंवा उल्लेखले जातात, ते पुरुष. बायकांच्या कमरेला गर्भनिरोधक गोळ्यांचा पट्टा, आणि त्या किती ‘भरलेल्या’ आहेत यावर पुरुषांच्या गप्पा. चुकून आई झालेली लिंडा त्या जगाला इतकी ओंगळ वाटते, की सोमा या गुंगीच्या गोळ्या खाऊन मरण्यापलीकडे तिला काही उरत नाही. हक्सलीची थट्टा धारदार आहे. पण लेनिना या नायिकेला तो विचार करायची संधी फारशी देत नाही.

ऑरवेलनं जानेवारी १९४६ मध्ये ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात ‘वी’चं परीक्षण लिहिलं होतं. जून १९४९ मध्ये त्याची स्वतःची कादंबरी आली. तिच्यातली ज्युलिया सव्वीस वर्षांची आहे. कादंबऱ्या तयार करणाऱ्या सरकारी यंत्रांवर ती मेकॅनिक आहे. कमरेला लैंगिकताविरोधी युवक संघाचा लाल पट्टा बांधते आणि संघाचेच नियम धाब्यावर बसवते. खरी साखर, खरी कॉफी, पांढरा पाव, जॅम असा पक्षाच्या वरच्या वर्तुळातला माल तिला कुठून मिळवायचा ते ठाऊक आहे. कुठल्या जंगलात मायक्रोफोन नाहीत, कुठल्या गर्दीत बोलता येतं, हेही ती जाणते. कादंबरीचा नायक विन्स्टन तिला बंदी असलेल्या पुस्तकातून सत्तेची मीमांसा वाचून दाखवतो तेव्हा तिला झोप लागते. तो तिला ‘कमरेखालची बंडखोर’ ठरवून मोकळा होतो.

वाचकानं इथे थोडं थांबावं. सत्तेचा सिद्धांत विन्स्टनला कळतो. सत्तेत कुठे भोकं आहेत ते ज्युलियाला कळतं. त्या राज्यात रोज जिवंत राहायला यांतलं कुठलं ज्ञान जास्त उपयोगी? कादंबरी हा प्रश्न विचारत नाही. ज्युलियाचं आडनावसुद्धा आपल्याला कळत नाही. विन्स्टनचा छळ पानंच्या पानं चालतो आणि ज्युलियाचा पडद्याआड उरकतो. ती लगेच फुटली, असं छळ करणारा ओब्रायन सांगतो, तेवढंच. २०२३ मध्ये सँड्रा न्यूमन या अमेरिकन लेखिकेनं ऑरवेलच्या वारसांच्या संमतीनं ‘ज्युलिया’ लिहिली आणि तीच गोष्ट तिच्या बाजूनं मांडली. त्यासाठी चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

या रांगेत बसणारं, पण फारसं न वाचलं गेलेलं चौथं पुस्तक म्हणजे स्वीडिश कवयित्री कारिन बोये हिची १९४० सालची ‘कालोकाइन’. बोये सोव्हिएत रशिया बघून आली होती आणि नाझी सत्तेवर येत असतानाचं बर्लिनही. तिचा निवेदक लिओ काल हा माणसाला खरं बोलायला लावणारं इंजेक्शन शोधणारा शास्त्रज्ञ. बायकोवर संशय आल्यावर तो तेच इंजेक्शन तिला टोचतो. पुस्तक खरं पालटतं ते त्यानंतर, बायको लिंडा औषधाशिवाय, आपणहून बोलायला लागते तेव्हा. पोटची मुलं ही राज्याला पुरवायची कुमक नाही, ती स्वतंत्र माणसं आहेत, हे आपल्याला कसं उमगत गेलं ते ती सांगते. राज्याला धोका वाटावं असं त्या पुस्तकातलं हे सर्वांत मोठं भाषण, आणि ते नवरा-बायकोच्या खोलीत होतं.

खातं गोठलं, नाव गेलं

१९८४ च्या वसंतात कॅनेडियन लेखिका मार्गारेट ॲटवुड पश्चिम बर्लिनमध्ये राहत होती. शहराभोवती भिंत होती. भाड्यानं आणलेल्या टाइपरायटरवर तिनं एक कादंबरी सुरू केली आणि स्वतःला एक अट घातली: माणसांनी इतिहासात कुठेतरी, कधीतरी प्रत्यक्ष केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. ‘द हँडमेड्स टेल’ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी ती बुकरच्या अंतिम यादीत होती आणि १९८७ मध्ये आर्थर सी. क्लार्क पुरस्काराची ती पहिली मानकरी ठरली.

अमेरिकेत धर्मवेड्यांचा उठाव होतो आणि गिलियाड नावाचं राज्य उभं राहतं. प्रदूषणामुळे जन्मदर कोसळलेला आहे. ज्या थोड्या बायकांना मुलं होऊ शकतात त्यांना पकडून वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या घरी ‘हँडमेड’ म्हणून नेमलं जातं. निवेदिका अशीच एक. तिचं नाव ऑफ्रेड, म्हणजे फ्रेड नावाच्या कमांडरची. उद्या दुसऱ्याकडे बदली झाली तर नावही बदलेल.

बायकांसाठी गिलियाडची सुरुवात मात्र बंदुकीपेक्षा संगणकानं झाली, आणि ॲटवुडची नजर किती नेमकी आहे ते इथे दिसतं. एके दिवशी सिगारेट घ्यायला गेलेल्या निवेदिकेचं कार्ड चालत नाही. त्याच दिवशी तिच्यासकट सगळ्या बायकांना नोकरीवरून काढलं जातं. बायकांची खाती गोठवलेली असतात. पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातलगाच्या नावावर वळवलेले असतात. तिचा नवरा ल्यूक भला माणूस आहे. तो म्हणतो, काळजी करू नकोस, मी आहे ना. त्या रात्री तिला पहिल्यांदा जाणवतं, की तराजू हलला आहे आणि ल्यूकला त्याचं फारसं वाईट वाटत नाहीय.

हे कादंबरीकाराच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. बाईला तिच्या नावावर कर्ज देताना लिंग किंवा लग्न बघून भेदभाव करता येणार नाही, हा कायदा अमेरिकेत १९७४ साली झाला. म्हणजे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. रुमानियात निकोलाय चाउशेस्कूच्या सरकारनं १९६६ मध्ये हुकूम क्रमांक ७७० काढून गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी घातली. ठरावीक वय ओलांडलेल्या किंवा चार मुलं झालेल्या बायकांना आणि इतर मोजक्या प्रकरणांत काय ती सूट. पुढे कामाच्या ठिकाणी बायकांच्या गर्भतपासण्याही झाल्या. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्याबरोबर हा हुकूम रद्द झाला. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करशाहीनं कैदेत बाळंत झालेल्या बायकांची मुलं काढून मर्जीतल्या कुटुंबांना दिली. त्या मुलांच्या आज्या १९७७ पासून त्यांचा शोध घेत आहेत. नाझींनी ‘शुद्ध’ वंशाची पैदास वाढवण्यासाठी १९३५ मध्ये लेबेन्सबोर्न ही संस्था काढली होती.

वाचण्यावरची बंदी हा गिलियाडचा दुसरा आधारस्तंभ. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं पुसून चित्रं रंगवली आहेत. वाचताना तिसऱ्यांदा सापडलेल्या बाईचा हात तोडतात. म्हणून कमांडर जेव्हा ऑफ्रेडला चोरून आपल्या खोलीत बोलावतो, तेव्हा वाचकाला भलतीच शंका येते. पण त्याला तिच्याशी स्क्रॅबल खेळायचं असतं. शब्द जुळवणं ही त्या राज्यात सर्वांत अश्लील गोष्ट आहे. सत्ताधारी माणूस स्वतः केलेला कायदा मोडू शकतो आणि बक्षीस म्हणून दुसऱ्यालाही मोडू देऊ शकतो. नियंत्रण पुरं झाल्याची ही खूण ॲटवुडनं एका पटावरच्या खेळातून दाखवली.

अफगाणिस्तानात सप्टेंबर २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळा बंद आहेत आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठांचे दरवाजेही. ऑगस्ट २०२४ मध्ये तालिबाननं केलेल्या कायद्यात बाईचा आवाजसुद्धा सार्वजनिक ठिकाणी झाकण्याची गोष्ट ठरवला आहे. क्रिस्टिना डॅल्चरच्या २०१८ सालच्या ‘व्हॉक्स’ कादंबरीत बायकांच्या मनगटावर यंत्र बांधून त्यांना दिवसाला शंभरच शब्द बोलू देतात. ही कल्पना तेव्हा काही परीक्षकांना ताणलेली वाटली होती.

आंट लिडियाचा हिशेब

गिलियाडमध्ये कमांडर लोक हँडमेडना शिकवायला जात नाहीत. ते काम ‘आंट’ करतात. तपकिरी कपडे घातलेल्या, हातात गुरं हाकायची विजेची काठी घेतलेल्या प्रौढ बायका. एका जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत त्या नव्या मुलींना वळण लावतात. त्यांना लिहिण्या-वाचण्याची मुभा आहे. बाईवर ताबा ठेवायला बाईच नेमणं सर्वांत स्वस्त पडतं, हे गिलियाडच्या संस्थापकांनी ओळखलेलं असतं. साम्राज्यांनीही स्थानिक शिपायांच्या जोरावर राज्य केलं ते याच हिशेबानं.

बायकांची वाटणीही मुद्दाम केलेली आहे. निळ्या कपड्यांतल्या बायका म्हणजे अधिकाऱ्यांच्या पत्नी, हिरव्या कपड्यांतल्या मार्था म्हणजे स्वयंपाकीण-मोलकरणी, लाल कपड्यांतल्या हँडमेड आणि गरिबांच्या घरच्या पट्टेरी कपड्यांतल्या बायका. प्रत्येकीला दुसरीचा राग येईल अशी ही मांडणी. कमांडरची बायको सेरेना जॉय पूर्वी टीव्हीवर भक्तिगीतं गायची आणि पुढे गावोगाव भाषणं द्यायची. बाईची जागा घरात आहे, हा त्या भाषणांचा विषय. आता ती खरंच घरात बसली आहे आणि तिला त्याचा संताप आहे.

चौतीस वर्षांनी, २०१९ मध्ये, ॲटवुडनं ‘द टेस्टामेंट्स’ लिहिली आणि निवेदनाचा एक भाग थेट आंट लिडियाकडे दिला. त्या वर्षीचं बुकर तिला आणि बर्नार्डिन एव्हारिस्टोला विभागून मिळालं. लिडिया पूर्वी न्यायाधीश होती. उठावानंतर तिला इतर बायकांबरोबर एका स्टेडियमवर डांबतात, अंधारकोठडीत टाकतात, मग हॉटेलात आंघोळ आणि जेवण देतात आणि हातात बंदूक देऊन समोरच्या बायकांवर चालवायला सांगतात. ती चालवते. नंतर बायकांचं सगळं खातं आपल्या मुठीत ठेवून ती वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांची पापं नोंदवत जाते. लिडिया गुन्हेगार आहे की बंडखोर? ती दोन्ही आहे, आणि लेखिका तिला माफ करायची घाई करत नाही.

पहिल्या पुस्तकाचा शेवट हा या सगळ्याचा कळस. ऑफ्रेडची गोष्ट संपते आणि एका परिषदेचा वृत्तान्त सुरू होतो. साल २१९५. गिलियाड केव्हाच मेलं आहे. सुमारे तीस कॅसेटवर सापडलेली ऑफ्रेडची कहाणी हा आता अभ्यासाचा विषय आहे. पीक्सोटो नावाचे प्राध्यापक बायकांवरून कोट्या करतात, सभागृह हसतं. त्यांना उत्सुकता आहे ती फ्रेड नेमका कोण होता याची. बोलणाऱ्या बाईचं काय झालं, हा प्रश्न ते घाईत उरकतात. हुकूमशाही गेली, तरी कुणाची साक्ष महत्त्वाची धरायची ही सवय शिल्लक राहिली.

ज्यांच्यासाठी हे भविष्य नव्हतं

ॲटवुडच्या पुस्तकावर एक आक्षेप सतत घेतला जातो आणि तो रास्त आहे. नाव काढून घेणं, वाचायला बंदी, मूल हिरावणं, मालकाच्या घरी सक्तीची संतती, हे सगळं अमेरिकेतल्या काळ्या गुलाम बायकांनी भोगलेलं होतं. गुलामांना लिहायला शिकवण्यावर साउथ कॅरोलायनानं १७४० मध्येच कायद्यानं बंदी घातली होती. कादंबरीत मात्र काळ्या लोकांना दूरच्या वसाहतीत हलवल्याची बातमी टीव्हीवर येते, आणि त्यांचा विषय संपतो.

ही बाजू ऑक्टेव्हिया बटलरनं भरून काढली. घरकाम करणाऱ्या आईची ही मुलगी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहरात वाढली. १९९३ च्या तिच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’मधली गोष्ट २०२४ साली सुरू होते. पाणी महाग झालं आहे, आगी लागत आहेत, पोलीस पैसे घेतल्याशिवाय येत नाहीत, आणि कंपन्या अख्खी गावं विकत घेऊन लोकांना कर्जात अडकवत आहेत. लॉरेन ओलामिना ही पंधरा वर्षांची काळी मुलगी ते सगळं डोळसपणे बघते आणि आधीपासून बिऱ्हाड बांधून ठेवते. घर जळाल्यावर ती पुरुषाच्या वेशात उत्तरेकडे चालत निघते आणि वाटेत माणसं जोडत जाते. तिला वाचवायला कुणी नायक येत नाही. पुस्तक लिहिल्यावर सत्तावीस वर्षांनी आणि बटलर वारल्यावर चौदा वर्षांनी, २०२० मध्ये, ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत आलं.

मुंबईतली एक खोली

भारतात या विषयाची सुरुवात उलट्या टोकानं झाली. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये बेगम रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा छापून आली. तिच्यातल्या राज्यात पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि बायका विद्यापीठं चालवतात, सूर्याची उष्णता साठवून शत्रूला पळवतात. ते स्वप्न होतं, पण पडद्याची प्रथा पुरुषांना लावून दाखवताच ती किती चमत्कारिक दिसते, ते वाचकाला कळायचं. रुकय्यांनी पुढे मुलींची शाळा काढली आणि १९११ पासून ती कोलकात्यात चालवली.

दुःस्वप्न आलं ते नव्वद वर्षांनी, मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ या इंग्रजी नाटकातून. १९९७ मध्ये त्याला ग्रीसमधला ओनॅसिस पुरस्कार मिळाला. गोविंद निहलानी यांनी त्यावरून ‘देहम’ हा चित्रपट केला. नाटक घडतं २०१० सालच्या मुंबईत, एका खोलीच्या बिऱ्हाडात. नोकरी गेलेला ओम एका परदेशी कंपनीशी करार करतो: गरज पडेल तेव्हा त्याचे अवयव अमेरिकेतल्या श्रीमंत गिऱ्हाइकाला द्यायचे. बदल्यात घरात संडास येतो, जेवणाच्या गोळ्या येतात, टीव्ही येतो. छताला एक यंत्र टांगलं जातं आणि त्यातून जिनी नावाची सुंदर गोरी तरुणी घरावर नजर ठेवते. स्वच्छता ठेवा, हसत राहा, हे खा, हे खाऊ नका. ओमची आई टीव्हीत बुडून जाते. ओम जिनीवर भाळतो.

सून जया तेवढी भाळत नाही. शेवटी उलगडतं की जिनी अस्तित्वातच नव्हती. व्हर्जिल नावाच्या म्हाताऱ्यानं गळाला लावलेलं ते चित्र होतं. त्याला खरं हवं आहे ते जयाचं गर्भाशय, आणि तेही समोर न येता, यंत्रामार्फत. जया दार लावून घेते आणि सांगते: मूल हवं असेल तर माझ्या दारात, माणसासारखा ये, जबरदस्ती केलीस तर मी जीव देईन. तिच्याकडे पैसा नाही, कायदा नाही. विकायला काढलेल्या शरीरावरचा नकार तेवढा तिचा आहे आणि त्यावरच ती सौदा फिरवते.

मानवी अवयवांच्या व्यापाराला आळा घालणारा केंद्रीय कायदा १९९४ चा. त्यासाठी ठराव करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. मोबदला घेऊन गर्भाशय भाड्यानं देण्यावर बंदी यायला मात्र २०२१ चा सरोगसी कायदा लागला. म्हणजे नाटकात जयाची अडवणूक होते तेव्हा तिला आडोसा देणारा कायदा खऱ्या मुंबईतही नव्हता.

पद्मनाभन यांनी २००८ मध्ये ‘एस्केप’ कादंबरी लिहिली. तिच्या देशात बायका संपवल्या आहेत. सेनापती स्वतःच्या प्रतिकृती काढून राज्य करतात. मैजी ही एकच मुलगी तीन काकांनी लपवून वाढवली आहे, औषधं देऊन तिचं वयात येणं थांबवलं आहे. काका प्रेमळ आहेत. पण आपण कोण आहोत हे मैजीला ठाऊक नाही, कारण तिच्या सुरक्षेसाठी ते सांगायचं नाही असं त्यांनीच ठरवलं आहे. संरक्षण आणि कैद यांतली रेघ किती पुसट असते, ते मराठी घरांना वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कादंबरी फार दूरची वाटू नये. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, याच राज्यानं केला. तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. यात कुठलाही हुकूमशहा नव्हता. सोनोग्राफीचं यंत्र होतं, घरातली चर्चा होती आणि सहसा त्या चर्चेला सासूही हजर होती.

प्रयाग अकबर यांची २०१७ सालची ‘लैला’ आणखी एक पदर दाखवते. शहरात जातीधर्माप्रमाणे भिंती उभ्या राहतात. मुसलमान माणसाशी लग्न केलेल्या शालिनीची मुलगी हिरावली जाते आणि ती वर्षानुवर्षं तिला शोधते. अकबर शालिनीला निव्वळ बळी म्हणून रंगवत नाहीत. भिंती वाढत होत्या तेव्हा ती सुखवस्तू होती, मोलकरणीशी तोऱ्यात वागत होती. २०१९ मध्ये दीपा मेहता आणि इतरांच्या दिग्दर्शनात, हुमा कुरेशीला घेऊन, यावर नेटफ्लिक्स मालिका आली.

सत्ता हातात आली तर

बायकांच्या हाती कारभार आला की सगळं सुरळीत होईल, असं यांतल्या चांगल्या लेखिका म्हणत नाहीत. सुझन कॉलिन्सच्या ‘हंगर गेम्स’ मालेत (पहिला भाग २००८) कॅटनिस एव्हरडीनला राजधानीवाले मुलांच्या जीवघेण्या खेळासाठी सजवून कॅमेऱ्यापुढे उभं करतात. बंडखोरांच्या गोटात गेल्यावर तेही तिला सजवून कॅमेऱ्यापुढेच उभं करतात. बंडाची नेता कॉइन ही बाई आहे, आणि जिंकल्यावर ती शत्रूच्या मुलांना घेऊन तोच जीवघेणा खेळ पुन्हा भरवायचं सुचवते. कॅटनिसचा बाण मग जुन्या हुकूमशहाऐवजी तिला लागतो.

नायोमी आल्डरमनच्या ‘द पॉवर’मध्ये (२०१६) तरुण मुलींच्या अंगात विजेचा झटका देण्याची शक्ती येते. सुरुवातीला वाचक टाळ्या वाजवतो: छळणाऱ्यांना धडा मिळतो, देह विकायला लावलेल्या मुली सुटतात. पण थोड्याच वर्षांत बायकांचं एक राज्य पुरुषांना पालकाशिवाय बाहेर पडू देत नाही. पुस्तकाच्या दोन्ही टोकांना लेखकांची पत्रं आहेत. हजारो वर्षांनंतर एक पुरुष लेखक आपली कादंबरी नायोमी नावाच्या मोठ्या लेखिकेला वाचायला देतो आणि ती त्याला प्रेमळ सल्ला देते, की बाईच्या नावानं छापून बघ, म्हणजे लोक गांभीर्यानं घेतील. या पुस्तकाला २०१७ चं विमेन्स प्राइझ मिळालं.

पानांतून रस्त्यावर

एप्रिल २०१७ मध्ये ‘हँडमेड्स टेल’ची टीव्ही मालिका सुरू झाली. त्याच्या महिनाभर आधीच टेक्सासच्या विधानभवनात गर्भपातावरच्या निर्बंधांची चर्चा चालू असताना काही बायका लाल झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून प्रेक्षक सज्जात येऊन बसल्या होत्या. पुढच्या वर्षी अर्जेंटिनात हा वेश दिसला. तो परिणामकारक ठरण्याचं कारण साधं आहे: घोषणा द्यावी लागत नाही, कपडे बघूनच आरोप कळतो. गर्भपाताचा घटनात्मक हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २४ जून २०२२ ला काढून घेतला, तेव्हाही हे झगे रस्त्यावर होते. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर लोकांनी कॅटनिसचा तीन बोटांचा सलाम उचलला आणि तो केल्याबद्दल अटका झाल्या. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांनी तोच सलाम केला.

कल्पित बाईच्या हाताची खूण खऱ्या लष्कराला अटक करण्याजोगी वाटली, हे या साहित्यप्रकाराला मिळालेलं मोठं प्रशस्तिपत्र आहे. मात्र लाल झग्याचा एक तोटाही आहे. तो बघून संकट म्हणजे असंच काहीतरी भडक, दूरवरून ओळखू येणारं असेल, अशी समजूत होते. ॲटवुडच्या पुस्तकात झगे नंतर येतात. आधी कार्ड बंद पडतं आणि घरातला चांगला माणूस म्हणतो, मी आहे ना.

ज्यांना या वाटेनं वाचत जायचं आहे, त्यांनी ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ज्युलिया’ लागोपाठ वाचावीत. एकाच खोलीत दोन माणसांना किती वेगळं राज्य दिसतं ते कळेल. मालिका बघितली असली, तरी ‘द हँडमेड्स टेल’ शेवटच्या परिषदेसकट पुस्तकातच वाचावी. आणि परदेशी नावांचा कंटाळा आला असेल, तर ‘हार्वेस्ट’पासून सुरुवात करावी. नाटक छोटं आहे, पात्रं मोजकी आहेत आणि त्यातली खोली मुंबईतली आहे.